पडदा उजळण्यापूर्वी

डोंबिवली पूर्वेच्या एका अभ्यासिकेत सात जुने संगणक आहेत. कुणी ऑफिस बदललं, कुणी नवा लॅपटॉप घेतला, तेव्हा देणगीत आलेले. मुलं तिथे स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरतात, मराठी टायपिंगचा सराव करतात, जुन्या प्रश्नपत्रिका काढतात. सातही यंत्रांवर लिनक्स आहे आणि त्यांची देखभाल बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे आहे. २०२२च्या पावसाळ्यात एका शनिवारी रात्री मी सगळ्यांना पुढच्या आवृत्तीवर नेलं. रविवारी सकाळी सहा यंत्रं नीट उठली. सातव्याच्या काळ्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात एक रेघ नुसती लुकलुकत राहिली. ते यंत्र जिचं नेहमीचं, त्या मुलीची टायपिंगची परीक्षा चार दिवसांवर होती. तिने विचारलं, "दादा, काय झालंय याला?" मी म्हणालो, "ग्राफिक्सचा प्रॉब्लेम आहे."

ते उत्तर मला आजही बोचतं. पोटात कळ येते म्हणणाऱ्याला "तब्येतीचा प्रॉब्लेम आहे" असं सांगावं, तसं ते होतं. वीस वर्षं ही प्रणाली वापरूनही नेमकं कुठे बिघडलं हे मला सांगता आलं नव्हतं.

संध्याकाळी दिवे लागल्यावर दुसऱ्या यंत्रावरून केबल जोडून आत शिरलो आणि लॉग वाचला. कंसात दोन ‘ई’ असलेल्या ओळी म्हणजे चुका. त्यातल्या एकीत सरळ लिहिलेलं होतं: ड्रायव्हर ज्या जोडणीसाठी बांधला आहे तिचा क्रमांक २४, पडद्याचं चित्र सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या जोडणीचा २५, म्हणून ड्रायव्हर घेतलेला नाही. खालच्या ओळीत, एकही स्क्रीन सापडली नाही. दोन वर्षांपूर्वी त्या यंत्राची स्क्रीन थरथरायची, म्हणून मीच एक जुना ड्रायव्हर धरून ठेवला होता आणि त्याला कुलूप लावलं होतं. सर्व्हर पुढे गेला, ड्रायव्हर मागे राहिला. कुलूप काढलं, जुना ड्रायव्हर काढून टाकला, सर्व्हरने स्वतःजवळचा सामान्य ड्रायव्हर घेतला आणि पडदा उजळला. काम पाच मिनिटांचं होतं. ते शोधण्यात अख्खा रविवार गेला, कारण पडद्यामागे किती जण उभे आहेत आणि कोण कुणाचा हात धरून आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

त्या रविवारनंतर ठाणे, डोंबिवली, कल्याण इथल्या आम्ही काही जणांनी महिन्यातून एकदा बसायला सुरुवात केली. त्या बैठकांच्या टिपणांतून हे पुस्तक झालं. युनिक्सच्या घराण्यातल्या प्रणालींवर, म्हणजे लिनक्स आणि बीएसडीच्या शाखांवर, पडदा रंगवणारे मुक्त स्रोताचे घटक कोणते, ते कसे घडत गेले आणि ते अद्ययावत कसे करावेत, हा याचा विषय. मराठीत यावर सलग लिखाण मला मिळालं नाही. इंग्रजीत भरपूर आहे, पण ते तुकड्यातुकड्यांत आहे आणि वाचणाऱ्याला अर्धं आधीच माहीत आहे असं धरून चालतं.

मुळात पडदा ही एक वस्तू नाही. हे समजायला एकच शब्द कळफलकापासून मॉनिटरपर्यंत जाताना पाहू या. शब्द ‘आचाऱ्यांना’. लग्नाचा हिशेब लिहिताना आपण आचाऱ्यांना पैसे देतो, आचार्यांना वंदन करतो, आणि दोन्हींत फरक फक्त ‘र’च्या रूपाचा. इनस्क्रिप्ट कळपाटावर शिफ्ट धरून ‘जे’, मग हलन्ताची ‘डी’, मग ‘य’ची तिरकी रेघ. शिफ्ट सुटली की स्वयंपाक्याचा आचार्य होतो.

कळ दाबल्याची खबर आधी कर्नलला लागते. कोणत्या कळीला कोणतं अक्षर, हे कळपाटाचा तक्ता सांगतो. अक्षरं तुमच्या लेखनाच्या प्रोग्रामकडे पोचतात ती सुटी सुटी: ऱ, हलन्त, य. ती जोडून अर्धा र नेमका कोणत्या आकाराने बसवायचा हे ठरवण्याचं काम हार्फबझ नावाच्या घटकाचं, आणि तो त्यासाठी फाँटच्या पोटातले नियम वाचतो. ते आकार ठिपक्यांत उतरवण्याचं काम फ्रीटाइपचं. ठिपके खिडकीत रंगवायचे तर ग्राफिक्स चिपशी बोलावं लागतं. ती भाषा मेसाला येते. सगळ्या खिडक्या एकावर एक रचून एक चित्र करतो तो कंपोझिटर. ते चित्र मॉनिटरला कोणत्या मापाने आणि सेकंदाला किती वेळा पाठवायचं, ते पुन्हा कर्नलमधला डीआरएम हा भाग बघतो. यातला प्रत्येक थर वेगळ्या माणसांनी लिहिलेला आहे, बहुतेकांची आवृत्ती वेगळ्या वेळापत्रकाने निघते, आणि तुम्ही अपडेटचं बटण दाबता तेव्हा यातले काही पुढे सरकतात, काही जागेवर राहतात. ‘आचाऱ्यांना’ ऐवजी ठिपका दिलेला र आणि त्याखाली लटकणारा हलन्त दिसला, तर दोष मेसात शोधू नये. तो फाँटच्या किंवा हार्फबझच्या थरात असतो. खिडकी हलवताना फाटल्यासारखी दिसली, तर फाँट बदलून काही होणार नाही. एवढं वेगळं करता आलं तरी अर्धी लढाई जिंकलेली असते.

हे थर एकदम रचलेले नाहीत. १९८४ साली एमआयटीच्या प्रोजेक्ट अथीनामध्ये बॉब शायफ्लर आणि जिम गेटिस यांनी एक्स विंडो सिस्टीम सुरू केली. स्टॅनफर्डमधल्या ‘डब्ल्यू’ या खिडक्यांच्या पद्धतीवरून ती निघाली, म्हणून पुढचं अक्षर एक्स. सप्टेंबर १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली आणि तिचा संवादाचा करार आजही बदललेला नाही. त्या काळी आपल्याकडे युनिक्स होतं, पण खिडक्या नव्हत्या. रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांत संगणक शिरले, त्यांतले पुष्कळ युनिक्सवर चालायचे. आमच्या बैठकीला येणारे एक निवृत्त बँक कर्मचारी सकाळची ७:४२ पकडून फोर्टला जायचे आणि दिवसभर काळ्या काचेवरची हिरवी इंग्रजी अक्षरं बघायचे. खातेदाराचं नाव मराठीत दिसावं असं तेव्हा वाटायचं का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "अहो, वाटायचं, पण मागायचं कुणाकडे?"

त्याचं एक उत्तर त्याच काळात घडत होतं. आयआयटी कानपूरमध्ये १९८३ साली देवनागरीचं टर्मिनल उभं राहिलं. मोहन तांबे यांचं नाव त्या कामाशी जोडलेलं आहे. पुढे १९८८ साली पुण्यात सी-डॅक निघाल्यावर ते काम तिथे ‘जिस्ट’ या नावाने वाढलं. डॉसच्या संगणकात बसवायचं कार्ड आणि युनिक्सला जोडायचं टर्मिनल, या रूपांत ते लोकांच्या हाती आलं. जोडाक्षर कसं बसवायचं हे ज्ञान तेव्हा चिपमध्ये कोरलेलं होतं. चूक निघाली तर कार्ड बदला. आज तेच ज्ञान हार्फबझच्या काही हजार ओळींत आणि फाँटच्या तक्त्यांत आहे, ते दुरुस्त करता येतं, आणि कुणीही उघडून वाचू शकतो. माझ्या दृष्टीने मराठी माणसासाठी या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना हीच.

एक्समध्ये हे सहज झालं नाही. मुळातल्या एक्सला फाँट सर्व्हरकडे असतात असं वाटायचं: प्रोग्रामने अक्षराचा क्रमांक सांगायचा, सर्व्हरने तो ठसा उमटवायचा. एक क्रमांक, एक ठसा. इंग्रजीला ते चाललं. देवनागरीत ‘क्षि’ची वेलांटी उच्चाराने नंतर आणि दिसायला आधी येते, तिथे हा हिशेब कोलमडतो. २००० सालाच्या सुमारास कीथ पॅकार्ड यांनी रेंडर हा विस्तार आणि एक्सएफटी आणलं, पाठोपाठ फाँटकॉन्फिग आलं, आणि अक्षरं रचण्याचं काम सर्व्हरकडून प्रोग्रामकडे आलं. पॅंगो, क्यूटी आणि पुढे बेहदाद एस्फहबोद यांचं हार्फबझ यांना जागा मिळाली ती या बदलामुळे. त्याच वर्षांत मुंबईतून, लिनक्स भारतीय भाषांत आणणाऱ्या इंडलिनक्सचं काम सुरू झालं. २००४ साली रेड हॅटने लोहित हे भारतीय लिप्यांचे फाँट मुक्त परवान्याखाली दिले आणि त्यांची निगा पुण्यात राखली गेली. त्यात मराठीचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदीहून वेगळे काढावे लागतात, चंद्रकोरीसारखा अर्धा र हवाच, अशा बारीक गोष्टींवर लोकांनी चिकाटीने दुरुस्त्या पाठवल्या. पुढे मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने मुक्ता हा फाँट दिला. आज पडद्यावर मराठी नीट दिसते, तेव्हा या सगळ्यांचा हात त्यात असतो.

खालच्या थरांची गोष्ट थोडक्यात सांगतो. स्वस्त पीसीवर एक्स चालावी म्हणून १९९२ च्या सुमारास एक्सफ्री८६ उभं राहिलं. २००४ मध्ये परवान्यावरून तिथे फूट पडली आणि बहुतेक जण एक्स.ऑर्गकडे गेले. डिसेंबर २००५ मध्ये एक्स.ऑर्गने तो एकसंध डोंगर फोडून वेगवेगळी पॅकेजं केली. एका कार्डाचा ड्रायव्हर सुधारला तर सगळं पुन्हा बांधायची गरज संपली. माझ्या सातव्या यंत्राची गाठही त्याच दिवशी पडली, कारण सुट्या भागांचे जोडणी-क्रमांक तेव्हापासून सांभाळावे लागतात. मार्च २००९ च्या लिनक्स २.६.२९ पासून पडद्याचं माप ठरवण्याचं काम इंटेल चिपसाठी कर्नलने घेतलं, मग हळूहळू इतरांसाठीही. त्याआधी एक्स सर्व्हर थेट हार्डवेअरला हात घालायचा आणि त्यासाठी त्याला रूटचे अधिकार, म्हणजे सर्वाधिकार, लागायचे.

हा सर्वाधिकार किती धोक्याचा, हे कळायला एक उदाहरण पुरेसं आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये नरेंद्र शिंदे या संशोधकाने कळवलेला एक दोष जाहीर झाला. एक्स सर्व्हर सर्वाधिकाराने चालत असेल, तर लॉग कुठे लिहायचा हे सांगणारा साधा पर्याय वापरून कुठल्याही सामान्य खात्याला हवी ती फाइल पुसून तिथे स्वतःचं लिहिता यायचं. म्हणजे ओळभर आज्ञेत यंत्राचा ताबा. दोष १.१९ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ च्या अखेरीपासून होता, १.२०.३ मध्ये तो मिटला. सुरक्षिततेसाठी नावाजलेली ओपनबीएसडीही त्यात सापडली. तिची ६.४ आवृत्ती जेमतेम आठवड्यापूर्वी निघाली होती. पुढच्या ६.५ मध्ये त्यांनी एक्सचा तो अधिकारच काढून घेतला. "चालतंय ना, मग कशाला हात लावा" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो. अभ्यासिकेच्या यंत्रावर दिवसाला तीस अनोळखी हात पडतात.

अद्ययावत करण्याच्या पद्धतींतही घराणी आहेत, आणि आमच्या बैठकीत यावरून आवाज चढतात. डेबियनसारख्या घराण्यात दोन वर्षं सगळं गोठवलेलं असतं, फक्त दुरुस्त्या येतात. मग एके दिवशी सगळे थर एकत्र पुढे सरकतात. आर्चसारख्या घराण्यात रोज थोडंथोडं येतं; नवं कार्ड घेणाऱ्याला ते बरं, पण महिनाभर दुर्लक्ष केलं की भारी पडतं. ओपनबीएसडी वेगळ्या विचाराची. तिने एक्सचे सगळे भाग ‘झेनोकारा’ या नावाने स्वतःच्या घरात घेतले आहेत, डीआरएमचा कोड लिनक्सकडून घेऊन आपल्या कर्नलात बसवला आहे, आणि दर सहा महिन्यांनी सगळं एकत्र तपासून देते. तिथे ड्रायव्हर मागे राहिला आणि सर्व्हर पुढे गेला असं सहसा होत नाही, कारण दोन्ही एकाच पंगतीत बसतात. फ्रीबीएसडीने डीआरएम मूळ प्रणालीबाहेर पॅकेज म्हणून ठेवलं आहे. त्यामुळे ते लवकर नवं होतं, पण प्रणालीची आवृत्ती बदलली आणि पॅकेज जुन्या आवृत्तीसाठी बांधलेलं असलं, की काळा पडदा ठरलेला. ते नव्या आवृत्तीसाठी बांधलेलं घ्यावं लागतं.

माझं मत विचाराल तर अभ्यासिका, ग्रंथालय, शाळा यांसाठी सगळे थर एकत्र तपासून देणारी पद्धत बरी. घरच्या एका यंत्रावर, शिकण्यासाठी, रोज थोडंथोडं देणारी जरूर वापरावी.

हे आत्ता का लिहावं? कारण आत्ता दोन लाटा एकाच वेळी आल्या आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चा आधार संपला. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधली छोटी ऑफिसं, कल्याणचे टायपिंग क्लास, घरोघरचे पहिले लॅपटॉप, यांतली पुष्कळ यंत्रं नव्या विंडोजला चालत नाहीत. ती भंगारात न घालता लिनक्सवर न्यावीत असं लोकांना वाटायला लागलं आहे, आणि आमच्याकडे दर महिन्याला कुणीतरी पिशवीत लॅपटॉप घेऊन येतं. नेमक्या त्याच वेळी पडद्याची व्यवस्था बदलते आहे. क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी २००८ साली सुरू केलेलं वेलँड आता बहुतेक ठिकाणी एक्सच्या जागी पहिली निवड झालं आहे. मे २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० मध्ये एक्स.ऑर्गचा सर्व्हरच नाही, जुन्या प्रोग्रामांसाठी एक्सवेलँड तेवढं ठेवलं आहे. मेसाने मार्च २०२२ च्या २२.० आवृत्तीत फार जुन्या चिपांचे ड्रायव्हर काढले आणि ते ‘अँबर’ नावाच्या वेगळ्या शाखेत ठेवले. डेबियन १३ ने ३२ बिटच्या पीसींसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं. म्हणजे जुनी यंत्रं लिनक्सकडे येत असताना लिनक्सही जुन्याचा थोडा थोडा हात सोडतं आहे. कोणतं यंत्र कुठवर नेता येईल, हे ओळखण्याची गरज आजच्याइतकी पूर्वी नव्हती.

मराठी टायपिंगसाठी यात एक खास खाच आहे. इनस्क्रिप्टचा कळपाट वेलँडमध्ये थेट चालतो, कारण तो तक्ता दोन्ही व्यवस्थांना सारखाच कळतो. उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांना मात्र आयबससारखा मध्यस्थ लागतो, आणि मध्यस्थाचं बोलणं कंपोझिटरने ऐकावं लागतं. प्रत्येक कंपोझिटर ते सारखंच ऐकतो असं नाही. टायपिंगची परीक्षा देणाऱ्या मुलांना मी म्हणूनच इनस्क्रिप्टचा आग्रह करतो.

या पुस्तकात आज्ञांची यादी देऊन "हे मारा, होईल" असं आम्ही कुठेही म्हटलेलं नाही. आज्ञा दोन वर्षांत जुन्या होतात. त्याऐवजी प्रत्येक थराला कसं ओळखायचं, त्याची आवृत्ती कशी विचारायची, त्याचं रडगाणं कुठे लिहिलेलं असतं आणि तो पुढेमागे कसा न्यायचा, हे सांगायचा प्रयत्न आहे. काळ्या पडद्यामागेही यंत्र बहुधा जिवंत असतं. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून अक्षरांच्या पडद्यावर कसं जायचं, दुसऱ्या यंत्रावरून आत कसं शिरायचं, जुनं कर्नल का जपून ठेवायचं, यावर आम्ही मुद्दाम जास्त पानं दिली आहेत. दोष सापडला तर तो मूळ कर्त्यांना कळवायचा कसा, हेही आहे. मराठीचा दोष मराठी वाचणाऱ्यालाच दिसतो. दूर बसलेल्या माणसाला ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ सारखेच वाटले तर त्यात त्याचा अपराध नाही. कंपन्यांचे बंदिस्त ड्रायव्हर आणि खेळांसाठीची कार्डं मात्र आम्ही सोडून दिली, कारण आमच्या अनुभवाबाहेर जाऊन लिहायचं नव्हतं.

अभ्यासिकेच्या सातही यंत्रांवर आता एक छोटी फाइल असते. तीत चार ओळी: आचार्यांना आणि आचाऱ्यांना, दर्या आणि दऱ्या, क्षितिज, मराठीचे ‘ल’ आणि ‘श’ असलेले काही शब्द. त्यांच्याखाली एक खिडकी ओढून नेऊन बघायची खूण. शेजारच्या वहीत कर्नल, मेसा, सर्व्हर आणि फाँट यांच्या आवृत्त्या तारखेसह लिहिलेल्या. अपडेट मारायच्या आधी ही फाइल उघडायची, नंतर पुन्हा उघडायची. ती फाइल पुस्तकाच्या शेवटी जशीच्या तशी दिली आहे. गेल्या वर्षीपासून वही तीच मुलगी भरते. तिला टायपिंगचं प्रमाणपत्र मिळालं, नोकरी ठाण्याला लागली, पण रविवारी ती येते, आणि कुठे काही अडलं तर कोणत्या थरात अडलं ते वहीत लिहून ठेवते.